सात पायऱ्यांचं स्टेडियम

वाशीममध्ये फुटबॉलचं स्टेडियम होतं म्हटलं की आजची पोरं हसतात. हसू द्या. स्टेडियम म्हणजे कापसाच्या जिनामागचं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यामागचं, मैदान आणि एका अंगाला काळ्या दगडाच्या सात पायऱ्या. दगड आम्ही खेळाडूंनी डोक्यावर वाहिले, रचले आमच्या गोलकीपरने. तो मुसलमान गवंडी, माझा जिवलग. मी दिवसा त्याच जिनात कापूस तोलायचो आणि संध्याकाळी बॅक खेळायचो. शेलूबाजारचा संघ आला की पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नसे.

जागा जिनाच्या मालकाची. कागद नव्हता, रिवाज होता. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की गोलाचे खांब आम्हीच उपटून ठेवायचो आणि मैदानात कापसाच्या बैलबंड्या सुटायच्या. होळी झाली की शेण, काडीकचरा झाडून खांब पुन्हा रोवायचे. पहिला नारळ मालकच फोडायचा.

लढाईच्या दिवसांतल्या एका वर्षीही आम्ही खांब असेच उपटले, आपल्याच हातांनी. केवढे शहाणे आम्ही! होळी झाली, तर मैदानाला तारेचं कुंपण. मालकाला तिथे गाठींचं गोदाम बांधायचं होतं.

"तुले मालक ओळखते, तूच बोल," सगळे मला म्हणाले. मी गेलो. मालकाने नुसतं "काय रे?" विचारलं. "आजचा कापूस ओला हाये," एवढं बोलून मी परत फिरलो. पोरांना सांगितलं, मालक ऐकत नाही.

आठवड्याने पायऱ्या फुटायला लागल्या. पहार होती आमच्या गोलकीपरच्या हातात. माझं डोकं फिरलं. कुंपणाबाहेरून, सगळ्यांदेखत, मी त्याला हरामखोर म्हणालो. त्याने मान वर केली नाही. त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं, ईदेला त्याच्या घरी जाणंही.

काही वर्षांनी कामरगावच्या बाजारात तो समोर आला. मी तोंड फिरवलं, तर त्याने दंड धरला.

"काहून बोलत नाही रे?"

"आपल्या हातानं बांधलेलं आपल्याच हातानं पाडलं तू. अन् मलेच विचारून राह्यला?"

"पाडलं ना. पण तू मालकाकडे आला, तवा मी तिथंच वसरीवर बसलो होतो. पायऱ्या पाडाले त्यानं मले बोलावलं होतं. मी अजून हो म्हटलं नव्हतं. तू एक शब्द बोलला असता, त मी बी नाही म्हणणार होतो."

दंड सोडून तो गर्दीत गेला.

म्हणजे शिव्या खाताना त्याला सगळं ठाऊक होतं. पोरांसमोर त्याने नुसतं "कापूस ओला हाये" म्हटलं असतं, तरी मला गावात तोंड दाखवता आलं नसतं. तो बोलला नाही.