आमच्या राष्ट्राध्यक्षांचा प्रचार

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष शिकवतात. शिकवतात म्हणजे काय, तर ते निवडून कसे आले, कुणी कुणाला काय सुनावलं, कुठल्या गावात सभा झाली आणि तिथे पाऊस होता की नव्हता, हे सगळं. एकदा का माणूस निवडून येऊन खुर्चीत बसला, की भाऊजींचा त्याच्यातला रस संपला. पुढे त्याने काय दिवे लावले ते दुसऱ्या कुणीतरी बघावं. मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर बसते. त्यामुळे हे गृहस्थ मला घरीही बघावे लागतात आणि कामावरही, आणि दोन्हीकडे ते अगदी सारखेच आहेत, हे मी शपथेवर सांगते. मी त्यांना राष्ट्राध्यक्ष म्हणते. ते वरवर चिडतात आणि आतून खूश होतात.

पीएचडीसाठी त्यांनी माणूस निवडला तोही तीनदा उभा राहून तीनदा पडलेला. जिंकलेल्यांवर सगळेच लिहितात, असं त्यांचं म्हणणं. त्या पडेल उमेदवाराने आमच्या ताईच्या संसारातली पहिली आठ वर्षं खाल्ली. जेवणाच्या टेबलावर तो, खिडकीच्या कट्ट्यावर तो, पलंगाखाली खोक्यात तोच. भाऊजी अमेरिकेला गेले ते एकदाच, सहा महिन्यांसाठी, तेही त्याच्याच कागदपत्रांच्या मागे. येताना दोन बॅगा झेरॉक्सनी ठासून भरलेल्या. ताईसाठी आणला पत्र्याचा एक जुना बिल्ला, त्यावर त्या उमेदवाराचं तोंड. निदान जिंकलेल्याचा तरी आणायचात, एवढंच ताई म्हणाली होती.

बोलायला लागले की मात्र ऐकत राहावं. लिंकनने दाढी का ठेवली, तर एका शाळकरी मुलीने पत्रातून तसं सुचवलं म्हणून, हा किस्सा त्यांनी आमच्या न्हाव्याला इतक्या वेळा सांगितलाय की हल्ली न्हावीच तो इतर गिऱ्हाइकांना सांगतो. वर्गात पोरं हसायची, प्रश्न विचारायची, तास संपला तरी दारात घोटाळायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी थट्टा थट्टेच्या जागी, पण माणूस आपल्या कामात पक्का आहे, हे मान्य करायलाच हवं.

गाडी अडली ती गेल्या वर्षी. नव्या प्राचार्य बाईंनी नियम काढला की शेवटच्या वर्षाचा जो ऐच्छिक विषय बारापेक्षा कमी विद्यार्थी घेतील तो बंद. त्यातच भाऊजींच्या शेजारच्या खोलीत एक तरुण प्राध्यापिका आली होती, सगळे तिला छोट्या मॅडम म्हणतात. तिचा विषय पर्यटनाचा इतिहास. तिच्याकडे सहली, तिच्याकडे पडद्यावर चित्रं, आणि परीक्षेऐवजी प्रकल्प. पोरं तिकडे वळली यात नवल ते काय? मी विद्यार्थी असते तर मीही वळले असते. भाऊजींच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि विषय बंद झाला तर ती दोन वर्षं त्यांना पहिल्या वर्षाच्या मुलांना टिपणं कशी काढावीत ते शिकवायला लागणार होतं.  त्यांचं जेवण कमी झालं, आणि रोज रात्री ते आपली जुनी टाचणं काढून नुसती पुढ्यात घेऊन बसायला लागले. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची मनापासून काळजी वाटली.

ताईचा उपाय सरळ होता. पोरांना गाठा आणि सांगा, माझा विषय घ्या. झालं! पण हे सांगायचं कुणाला? ज्या माणसाला आजवर स्वतःच्या घरात अजून एक पोळी मागता आली नाही त्याला? भाऊजींना भूक असली की ते डब्याकडे बघत राहतात, आणि ताईला ते दिसलं तर वाढते, नाही दिसलं तर ते हात धुतात. रस्ता चुकला तर कुणाला विचारत नाहीत, बरोबर रस्ता सापडेपर्यंत चालतात. आणि याला त्यांच्याकडे शास्त्राधार आहे, हे अधिक वाईट. अमेरिकेत पूर्वी म्हणे उमेदवाराने स्वतः मतं मागणं हलकेपणाचं समजत. पद माणसाला शोधत येतं, माणसाने पदामागे धावायचं नसतं. हे त्यांनी आम्हाला इतक्या गंभीर चेहऱ्याने ऐकवलं की ताईने कपाळाला हात लावला.

तरी त्यांनी प्रचार केला. त्यांच्या पद्धतीने केला. त्यांच्या त्या पडेल उमेदवाराला पहिल्यांदा हरवणारा जो होता, तो म्हणे सबंध निवडणुकीत गावोगाव हिंडलाच नाही. घराच्या व्हरांड्यात बसून राहिला आणि लोक त्याच्याकडे आले. झालं, भाऊजींनी खोलीतली खुर्ची उचलून बाहेर व्हरांड्यात मांडली आणि आठवडाभर तिथे बसले. हातात पुस्तक, चेहऱ्यावर हसू. पोरं बिचारी नमस्कार करायची आणि बाजूने निघून जायची. एकाने तर विचारलं, सर, पंखा बिघडलाय का? मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्यांना आठवण करून दिली की त्या व्हरांड्यातल्या उमेदवाराच्या पक्षाने आगगाड्या भरभरून माणसं त्याच्या अंगणात आणून सोडली होती, हे तुम्हीच मला सांगितलंय. तुमच्यासाठी आगगाडी कोण सोडणार? त्यावर त्यांनी मान डोलावली, मुद्दा बरोबर आहे म्हणाले, आणि बसून राहिले.

मग आला विषय निवडायचा दिवस. मोठ्या हॉलमध्ये सगळी पोरं जमवतात आणि प्रत्येक शिक्षकाला आपल्या विषयाबद्दल बोलायला थोडा वेळ देतात. ताईने त्यांचा शर्ट स्वतः इस्त्री केला होता. मी ग्रंथालयाची खिडकी ओढून घेतली आणि मागे जाऊन उभी राहिले. सुरुवात काय झकास केली त्यांनी! एका वर्तमानपत्राने निकाल लागायच्या आधीच भलत्याच माणसाला विजयी ठरवून पहिल्या पानावर छापलं, आणि खरा जिंकलेला तेच पान हातात धरून हसत उभा राहिला, तो किस्सा सांगितला. हॉल खदखदून हसला. पुढच्या रांगेतल्या दोन मुली एकमेकींना कोपराने ढोसून 'हाच घेऊ' म्हणाल्या, मी ऐकलं. मला वाटलं, जिंकली निवडणूक.

आणि तिथे या माणसातला इतिहासकार जागा झाला. 'आता न्यायाने दुसरी बाजूही पाहायला हवी,' असं म्हणून ते आपल्याच विषयाच्या उणिवा सांगायला लागले. वाचन फार आहे. ज्या देशाबद्दल शिकायचं तो लांब आहे. नोकरीला याचा उपयोग होईलच असं नाही. मग पर्यटनाच्या विषयात काय काय चांगलं आहे ते त्यांनी इतकं मुद्देसूद मांडलं, की छोट्या मॅडम स्वतः उठल्या तेव्हा त्यांना बोलायला काही शिल्लकच नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, सरांनी सगळं सांगितलंच आहे. कोपराने ढोसणाऱ्या दोघी पर्यटनाला गेल्या. मला इतका राग आला होता की मी खिडकी उघडायला गेलेच नाही, तशीच जिन्यात जाऊन बसले.

संध्याकाळी कार्यालयातून आकडा आला. अकरा.

मी तडक ताईकडे गेले. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती, आणि भाऊजी समोर बसून रिकामी सालं एकात एक घालत होते. प्राचार्य बाईंनी दोन दिवसांची मुदत दिली होती, पण हा माणूस दोन दिवसांत कुणाकडे जाणार? ताई शांत होती. ती अशी शांत असली की मला भीती वाटते. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले, की कॉलेजने शिक्षण अर्धवट सुटलेल्यांना परत घ्यायला सुरुवात केलीय, वयाची अट नाही, आणि ताई, तुझं तर शेवटचंच वर्ष राहिलंय.

ते राहिलंय खरं. लग्न झालं तेव्हा ताई दुसरं वर्ष संपवून तिसऱ्यात जायची होती. भाऊजींना इथे नोकरी लागली, ती त्यांच्याबरोबर या गावी आली, आणि मग घर लावणं, मूल, सासूबाईंचं आजारपण. ज्या कॉलेजात नवरा रोज शिकवायला जात होता तिथेच तिला उरलेलं वर्ष करता आलं असतं. तो विषय त्या घरात कधी निघाला नाही. आमच्या घरातही नाही निघाला, उगाच कशाला खोटं बोलू.

भाऊजींनी वर बघितलं. मग ताईच्या हातातल्या ताटाकडे बघायला लागले, पोळीच्या डब्याकडे बघतात ना, तसंच. ताईने दोन शेंगा सोलल्या, चार सोलल्या. या वेळी तिला दिसत नव्हतं असं नाही. ती वाढणार नव्हती.

'काही म्हणायचंय का तुम्हाला?' तिने विचारलं.

'हे बघ,' भाऊजी म्हणाले, 'याला दोन बाजू आहेत. एक म्हणजे तुझा वेळ. आणि दुसरं…'

'बाजू नकोत. मागायचं असेल तर मागा.'

मी उठून जावं की बसावं, मला कळेना. मी बसले. भाऊजींनी सालं बाजूला सारली. त्यांचे कान लाल झाले होते. माझ्या समोर त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून ते मागताना कसे दिसतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

'माझ्या वर्गात येशील का?'

ताईने ताट खाली ठेवलं. 'हे तुमच्या विषयासाठी विचारताय, की माझ्यासाठी?'

दुसरा कुणी असता तर तोंडदेखलं काहीतरी गोड बोलून मोकळा झाला असता. आणि तुम्हाला सांगते, मी मनात प्रार्थना करत होते की बोला हो, एकदा तरी खोटं बोला. पण ते थांबले. एखाद्या तारखेची खात्री करून घ्यावी तसे थांबले.

'आज विषयासाठी विचारतोय,' ते म्हणाले. 'तुझ्यासाठी तेव्हाच विचारायला हवं होतं. मला वाटलं, तुला नको असेल.'

'विचारलं होतंत?'

'नाही.'

 ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या तर ते वाहायलाच लागलं. मग तिने पदराने नाही, सरळ पंज्याने डोळे पुसले आणि मटाराचं ताट भाऊजींच्या पुढ्यात सरकवलं. येईन म्हणाली. पण तुमच्यासाठी नाही, आणि नुसता तुमचा विषय घेऊन नाही, अख्खं वर्ष करीन, आणि सकाळचं सगळं तुम्ही बघायचं. भाऊजींनी मुकाट्याने शेंगा सोलायला घेतल्या. अर्धे दाणे जमिनीवर गेले.

पहिल्या तासाला मी नकाशा परत न्यायच्या निमित्ताने वर्गात शिरले आणि मागच्या बाकावर बसून घेतलं. ताई दुसऱ्या रांगेत, तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या मुलापेक्षा लहान पोरं. भाऊजी आत आले, तिच्याकडे न बघता फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले, आणि पाचेक मिनिटांत रंगले. तेच ते, जुन्या काळी उमेदवार स्वतः मतं मागत नसत, मित्र मागत, वर्तमानपत्रं मागत, बँड वाजवत मिरवणुका निघत. पोरं हसत होती. ताईने हात वर केला.

'सर,' ती म्हणाली, आणि त्या एका शब्दावर भाऊजींच्या हातातला खडू मोडला. 'तेव्हा बायकांना मत नव्हतं ना? मग या उमेदवारांच्या घरातल्या बायकांना काय वाटत होतं, ते कुठे कळतं?'

भाऊजी फळ्यापासून वळले. तीस वर्षं हा माणूस असल्या प्रश्नाला तोंडभर उत्तर देत आलाय. या वेळी त्यांनी मोडका खडू टेबलावर ठेवला.

'कळतं,' ते म्हणाले. 'त्यांची पत्रं आहेत. बऱ्याच जणींची आहेत, छापलेलीसुद्धा आहेत.' मग जरा थांबून म्हणाले, 'मी ती कधी वाचली नाहीत.'

वर्गाला त्यात काही विशेष वाटलं नाही. पोरांनी वहीत लिहून घेतलं. ताईनेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडायच्या आधीच दोघं माझ्या खिडकीसमोर उभे होते, एकाच रांगेत, आणि दोघांनाही तेच पत्रांचं पुस्तक हवं होतं. आमच्याकडे त्याची एकच प्रत आहे. भाऊजींनी तोंड उघडून, अगदी स्पष्ट शब्दांत, ते माझ्याकडे मागितलं. मी ते ताईला दिलं.