मधल्या सीटवरचा लाल माणूस

देवाजी खोब्रागडेनं जन्मभर गाडी चालवली, पण स्वतःची म्हणून त्याच्या दारात सायकलीशिवाय काही उभं राहिलं नाही. सावली गावाजवळच्या एकाच शाळेत, एकाच टाटपट्टीवर आम्ही शिकलो. तेव्हासुद्धा मास्तर फळ्याकडे वळले की हा दोन्ही हातांनी हवेतलं स्टेअरिंग फिरवायचा आणि तोंडानं गिअर टाकायचा. एकदा मास्तरांनी कान धरून विचारलं, "कुठं चालली रे गाडी?" तर म्हणतो, "सिरोंच्याले, गुरुजी. तुमी येता का?" मार खाल्ला. पण पुढं एसटीत लागला आणि खरोखरच सिरोंच्यापर्यंत गाडी नेऊ लागला.

त्याच्या एसटीच्या गोष्टी सांगायला बसलो तर तुमचा चहा थंड होईल. अहेरीच्या बाजारातून एक म्हातारी बकरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि उतरताना बकरी विसरून गेली. देवाजीनं भरली गाडी वळवली, तिच्या दारात नेली आणि वर म्हणाला, "बाई, तुमची सवारी राह्यली." घेतलेला माणूस मुक्कामाला पोचवल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. असा तो.

तर हा माणूस पासष्टी उलटल्यावर प्रेमात पडला. गाडीच्या. मूल गावच्या बाजारात एका डॉक्टराच्या पोराकडे त्यानं ती पाहिली. लाल रंग, अंगानं आखूड, चाकं रुंद, मागं दोन नळकांडी. दिसायला लहान गाडी, पण आत इंजिन असं की मोठ्या गाड्यांना मागं टाकेल. त्या दिवसापासून त्याचं बोलणं एकच. पोरगा अश्विन म्हणाला, "बाबा, घ्याचीच हाय तं मोठी घ्या, सगळे बसतीन." देवाजी म्हणाला, "सगळ्यायले बसवून बसवूनच म्हातारा झालो ना बे."

शेवटी कांताबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, निवाडा केला. "मी एकडाव बसून पाहीन. हो म्हटलं तं घ्या. नाई म्हटलं तं पुन्हा त्या गाडीचं नाव काढाचं नाई." देवाजीला ठाऊक होतं, आत्ता नाही झालं तर कधीच नाही. आणखी तीन-चार वर्षांनी अश्विन हातात चावीच देणार नव्हता.

मला सोबत नेलं. "रामाजी, तू चाल. कांता तुयं ऐकते." आजवर तिनं माझं एकदाही ऐकलेलं नाही, पण चंद्रपूरला जायला मिळतं म्हणून मी गेलो.

शोरूममधली पोरगी पिंकी, बल्लारपूरची, बोलायला फटाकडी. तिनं देवाजीला चालवायला बसवलं, स्वतः शेजारी बसली. मागं एका खिडकीला मी, दुसऱ्या खिडकीला कांताबाई, मधली जागा रिकामी. पिंकीनं समोरचा पडदा दाखवला. त्यावर मागच्या सीटांची तीन चित्रं होती. पट्टा बांधला की चित्रातला माणूस हिरवा, बसून पट्टा नाही बांधला की लाल, आणि गाडी ओरडते. जागा रिकामी असली तर नुसता राखाडी. आमची दोन कडेची माणसं हिरवी झाली. कांताबाई म्हणाली, "माह्या घरातही असाच एक पाह्यजे, कोण बसला अन् कोण उठला सांगाले."

आणि मूलच्या रस्त्याला लागलो. काय सांगू! एसटीचं स्टेअरिंग फिरवून ज्याचे खांदे भरले, तो माणूस दोन बोटांनी गाडी वळवत होता. सीट अशी की दोन्ही कुशींना धरून ठेवते. पाय दाबला की पाठ मागं चिकटायची, आणि मागच्या नळकांड्यांतून असा घोगरा आवाज निघायचा, जसा तरणा पोरगा घसा खाकरतो. देवाजी हसत होता. आवाज न करता, नुसते दात दिसत होते. खड्डा आला की मात्र ती टणक गाडी आमची हाडं मोजायची.

"हे गाडी हाय का गिट्टीचा डब्बा?" कांताबाई म्हणाली.

"काकी, ही स्पोर्टी गाडी आहे, थोडी कडक असतेच," पिंकी म्हणाली.

"मंग कडक हायच ना घरी एक. दुसरी कायले?"

देवाजीचा चेहरा पडला. अशी निम्मी हो, निम्मी नाही करत आम्ही जंगलात शिरलो आणि पाल्याच्या वळणावर आलो.

हे वळण सांगायला पाहिजे. तिथं बस थांबायची नाही, पण इतवारी मडावी नावाचा माणूस खांद्यावर बांबू घेऊन हात करायचा आणि देवाजी थांबायचा. इतवारी पुढच्या बोरटोल्याला उतरायचा. एका वर्षी मोहाच्या दिवसांत तो फुलं वेचायला गेला आणि त्या वळणावर वाघानं त्याला नेला. जिथं सापडला, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्यानं हिरवी डहाळी टाकायची अशी आमच्या झाडीपट्टीतली रीत. ढीग सुकतो, नवा पाला पडतो. आणि आणखी एक. तिथून निघताना "चला" म्हणायचं नाही. मुकाट्यानं उठायचं, मुकाट्यानं बसायचं. नाहीतर तिथं असलेल्याला वाटतं, आपल्यालाच बोलावलं.

देवाजी बुद्धविहारात जाणारा, भूतखेत न मानणारा. पण ही रीत त्यानं कधी मोडली नाही. "मी भूत नाई मानत. रस्त्याचा नियम मानतो. सिग्नलचाही मानतोच ना?" कितीतरी कंडक्टरांना त्यानं तिथं घंटी मारू दिली नव्हती.

त्या दिवशीही थांबला. पळसाची डहाळी तोडली, ढिगावर टाकली. भर दुपार होती, पण झाडाखाली ऊन नव्हतं. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. आम्ही पाय मोकळे करत होतो. देवाजी वळला, आणि त्याला झाडाखाली उभी ती लाल गाडी दिसली. नव्या नवरीकडे पाहावं तसा तो पाहत राहिला. मग टाळी वाजवली आणि मोठ्यानं म्हणाला,

"चला चला! बसा लवकर!"

म्हणाला आणि जिथल्या तिथं थांबला. कांताबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. पिंकीला काही माहीत नव्हतं, ती जाऊन बसली. आम्हीही बसलो. आता काय करणार?

गाडी सुरू झाली आणि ओरडायला लागली. टिंग, टिंग, टिंग.

"काका-काकी, पट्टे लावा ना," पिंकी म्हणाली.

"लावले वो."

पडद्यावर कडेचे दोघं हिरवे होते. मधला लाल होता.

"मध्ये बॅग ठेवली का?"

"नाई."

पिंकीनं मागं वळून मधल्या सीटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "गरम आहे," म्हणाली. मग तीच म्हणाली, "ऊन लागलं असेल." तिनं गाडी बंद केली, चालू केली, दारं उघडून लावली. मधला लालच. "सेन्सर असतो काकी, कधी कधी होते असं." पण तिचा आवाज फटाकडीचा राहिला नव्हता. कांताबाई हळूहळू दाराकडे सरकत होती. जागा करून देत होती म्हणा ना. मीही सरकलो, खोटं कशाला बोलू.

देवाजीनं आरशातून मागं पाहिलं. "इतवारी असन तं बोरटोला पुढंच हाय," म्हणाला. "मी बोलावला, मीच सोडतो."

"काका, आपल्याला परत जायचं आहे, साहेब ओरडतील."

"बाई, सवारी घेतली हाय."

बोरटोल्याला इतवारीची बायको आशाबाई अंगणात तूर पाखडत होती. थकली होती, पण देवाजीला तिनं ओळखलं. देवाजीनं गाडीचं मागचं दार उघडलं, कांताबाईला उतरवलं, आणि दार तसंच उघडं धरून उभा राहिला. मग सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, म्हातारी रडेल. तिनं सूप खाली ठेवलं, गाडीत वाकून पाहिलं, आणि म्हणाली,

"इतवारी नोहे हा."

"काऊन?"

"आमच्यात जंगलात मेला त्याले तिथंच नाई ठेवत, भाऊ. त्याच वर्षी आमी वाजतगाजत त्याचा जीव घरी आणला. देवाच्या जागेत ठेवला. तो घरातच हाय. त्या वळणावर आता त्याचं काईच नाई." मग उघड्या दाराकडे बोट करून तिनं विचारलं, "मंग हा कोणाले आणला तुमी?"

पडद्यावर मधला लालच होता. कोंबड्या अंगणभर फिरत होत्या, पण गाडीच्या त्या बाजूला एकही येत नव्हती. आशाबाईनं आम्हाला पाणी दिलं आणि आम्ही पाठ वळवताच घराचं दार लावून घेतलं. आतून कडी घातलेली मी ऐकली.

परतताना देवाजीनं गाडी बैलगाडीसारखी चालवली. वळणावर थांबला, दार उघडलं, हात जोडले. काही उपयोग नाही. शहरात शिरताना लाल माणूस आपोआप राखाडी झाला. कुठं उतरला, कुणाला दिसलं नाही. शोरूममध्ये देवाजीनं चावी टेबलावर ठेवली. "राहू दे वो पोरी. नाई घ्याची मले."

त्याचे डोळे मात्र काचेबाहेरच्या गाडीवरून निघत नव्हते. एवढं होऊनही त्याला ती आवडतच होती. कांताबाईनं ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही नोका घेऊ," ती म्हणाली. "पण असलीच नवी घ्या. कोरी, कोणी न बसलेली."

"तू हो म्हनतं?"

"म्हटलं ना एकडाव. आता माह्या तोंडाकडे काय पाह्यता?"

नवी गाडी मिळाली त्या दिवशी मीही होतो. सीटवर प्लास्टिक तसंच, आत कोऱ्या रबराचा वास. पिंकीनं पेढा दिला. पुन्हा मी एका खिडकीला, कांताबाई दुसऱ्या. जंगलाचा रस्ता नको म्हणून देवाजी दुसऱ्या बाजूनं लांबून निघाला. गावाबाहेर आलो, दोन्हीकडं धानाची उघडी शेतं, भर ऊन. देवाजी पहिल्यांदा मोकळा हसला, आणि गाडी ओरडली. टिंग, टिंग, टिंग.

मधलं प्लास्टिक दबलेलं नव्हतं. मी नीट पाहिलं. पण पडद्यावर माणूस लाल झाला होता.

देवाजीनं गाडी कडेला घेतली. त्याची मान पाठीमागून एकदम म्हातारी दिसायला लागली. "वापस करतो," तो म्हणाला. "कांता, तू बोलली नाई तरी चालन. मी वापस करतो."

कांताबाईनं आपली पिशवी मांडीवर घेतली, लुगडं आवरलं, आणि मधल्या रिकाम्या जागेकडे न पाहता म्हणाली, "कोण हाय ते मले माहीत नाई. पण पेलेला नाई, थुकत नाई, भांडत नाई. जन्मभर लोकायले नेलं तुमी. आता एकटं चालवता येते का तुमाले? चालवा."

देवाजी कितीतरी वेळ आरशात पाहत राहिला. मग त्यानं हात बाहेर काढून मागच्या वाहनांना थांबायची खूण केली, तशी तो एसटीत करायचा, आणि गाडी रस्त्यावर घेतली.

आवाज थोड्या वेळानं बंद पडतो. पडद्यावरचा लाल माणूस मात्र जात नाही. आता आम्ही तिघं कधी सावलीला, कधी मूलला जातो. गाडी फार गोड चालते, हे मी शपथेवर सांगतो, चढ तर असा घेते की पोट हलतं. मी खिडकीलाच बसतो. हात मांडीवर ठेवतो, मधल्या बाजूला जाऊ देत नाही.