अण्णा वाचता वाचता थांबले की

सोमवारी सकाळी ऑफिसात कुरुंदवाडहून फोन आला. तो रफीकनं घेतला आणि रिसीव्हर हातात तसाच धरून तो म्हणाला, "बसूअण्णा गेले. रात्री झोपेतच." मी त्याच्यावर खेकसले, "चेष्टेला काही सीमा?" शनिवारी दुपारी ज्या माणसानं माझ्यासमोर बसून माझा मजकूर वाचला, तो सोमवारी नाही, हे कसं मानायचं? तीन आठवडे होऊन गेले, अजून मानता येत नाही…

कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांमध्ये आमची कॉम्प्युटर बनवणारी कंपनी म्हणजे सगळ्यांच्या थट्टेचा विषय. मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम आम्हीच लिहिलेली. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, रफीकचा. हा कबनूरच्या यंत्रमागवाल्यांचा पोरगा. त्या कर्नलवर पुढं काम करणाऱ्या प्रोग्रामरांसाठी माहितीचे कागद लिहायचे मी, आणि ते तपासायचे बसूअण्णा. त्यांची पद्धत कोल्हापुरातच काय, कुठंही नसेल. हातात पेन घ्यायचं नाही. मजकूर खणखणीत आवाजात वाचायचा आणि जिथं पटणार नाही तिथं गप्प व्हायचं. काय चुकलं ते सांगणार नाहीत. लिहिणाऱ्यानंच शोधायचं, तोवर अण्णा छताकडं बघत बसणार. मला त्या गप्प बसण्याचा मनस्वी राग यायचा.

एकदा मी लिहिलं होतं की प्रोग्राम थांबवला की त्याच्याकडची मेमरी लगेच काढून दुसऱ्याला द्यावी. अण्णा थांबले. मी डोकं खाजवलं, चिडले, चहा प्याले, आणि मग उजेड पडला. त्या प्रोग्रामनं मागवलेला फ्लॉपीवरचा मजकूर अजून त्याच मेमरीत येत असेल तर? तेव्हा कुठं अण्णा बोलले, "पावणं अजून जेवाय बसल्यात, आणि तू ताट उचलाय लागलीस व्हय?" सगळं ऑफिस हसलं. मीही हसले.

त्या शनिवारी शेवटचं प्रकरण होतं. ते झालं की कागद पुण्याच्या प्रोग्रामरांकडं जायचे होते आणि त्या कागदांशिवाय तिथलं काम अडून होतं. अण्णा मधल्याच एका ओळीवर थांबले. मी नेहमीसारखं ओळीत डोकं खुपसलं. पण या वेळी त्यांनी छताकडं बघितलं नाही. कागद खाली ठेवले, "ऱ्हाऊ दे आज. सोमवारी बघू," म्हणाले आणि पिशवी उचलून एसटी गाठायला निघाले. रफीक मला म्हणाला, "लईच मोठी चूक दिसती की गं!"

फोन आल्यावर आम्ही तसेच कुरुंदवाडला गेलो. परत आलो ते ती ओळ घेऊनच बसलो. पुण्याहून रोज विचारणा, साहेबांची आरडाओरड, पण अण्णा जिथं थांबले ते पान पाठवायची आमची छाती होईना. रफीकनं त्या ओळीत सांगितलेला क्रम मशीनवर पुन्हा पुन्हा चालवून बघितला. मशीन एकदाही अडलं नाही. तरी आमचा विश्वास मशीनवर नाही, अण्णांवर! एवढं काय दिसलं असेल त्यांना, ह्या विचारानं मला जेवण जाईना.

शेवटी अण्णांच्या घरी, वहिनींना भेटायला, आम्ही पुन्हा गेलो. त्या म्हणाल्या, "शनवारी आल्या आल्या आडवंच झालं की. हापिसात वाचताना छातीत कळ आली, दम पुरंना, म्हणून मधीच थांबलो म्हणलं. डागदराकडं चला म्हणलं, तर न्हाय, पित्त हाय म्हणून बसलं."

रफीकनं माझ्याकडं बघितलं नाही, मी त्याच्याकडं बघितलं नाही. त्या ओळीत काही चूक नव्हतीच. माणूस समोर कळ सोसत होता आणि आम्ही दोघं कागदात तोंड घालून बसलो होतो…

कागद पुण्याला गेले. मोठ्यानं वाचायची पद्धत मात्र आम्ही मोडलेली नाही. आता रफीक वाचतो. परवा तो एका ओळीवर थांबला. चूक माझीच होती, मला लगेच दिसलीही. पण मी कागदाला हातसुद्धा लावला नाही. आधी उठले, त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि विचारलं, "रफीक, तुला बरं वाटतंय न्हवं?"