लिगायाची नजर

वसईहून निघताना आईने माझ्या पिशवीत सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) कोंबली आणि बजावलं, "तिकडे दुष्काळी मुलूख. खायला मिळेल न मिळेल." आईचा भूगोल तिच्या शाळेच्या पुस्तकातला! स्वारगेटहून सुटलेली एसटी बारामती तालुक्यात शिरली आणि खिडकीबाहेर जो ऊस सुरू झाला तो संपेचना. आधी ऊस, मग ऊस, मध्येच तोंडपालट म्हणून टोमॅटो नाहीतर डाळिंबाची बाग, की पुन्हा ऊस. मी वेड्यासारखी फोटो काढत सुटले. शेजारच्या आजीबाईंनी न राहवून विचारलं, "ऊस कदी बगितला न्हाय व्हय, बाय?" मी म्हटलं, "रसवंतीत बघितलाय, आजी." त्या इतक्या हसल्या की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

मी निघाले होते दुभाषी म्हणून. फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावरची एक तरुण मिशनरी सोमेश्वरनगरला ऊसतोड कामगारांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर काढणार होती. तिला महिनाभर मराठी बोलणारी सोबत हवी, अशी विचारणा आमच्या चर्चमध्ये झाली. मी डी.एड. होऊन नोकरीची वाट बघत घरी बसले होते आणि आईचं डोकं खात होते. आईनेच माझं नाव पुढे केलं.

बारामतीच्या स्टँडवर लिगाया मला घ्यायला आली होती. वय चोवीस, शिकून नर्स झालेली, उंचीला माझ्या खांद्याएवढी, आणि पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. देशाबाहेर पहिल्यांदाच पडलेली. स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळीचा पहिला घास घेताच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वाढप्या घाबरून दही घेऊन धावला. तिने दही बाजूला ठेवलं, डोळे पुसले आणि पाठ केलेलं मराठी वाक्य ठणकावून म्हटलं, "दादा, अजून रस्सा द्या." ही बाई आपल्याला आवडणार, हे मला तिथेच कळलं.

सोमेश्वरनगरच्या वाटेवर तिने आपली कथा सांगितली. तिचे आईवडीलही ऊस तोडायचे. सहा वर्षांची असताना ती धाकट्या भावाला दिवसभर कडेवर घेऊन उसाच्या बांधावर बसलेली असायची. मग गावात दोन परदेशी बायका आल्या आणि त्यांनी एका शेडमध्ये पोरं सांभाळायला सुरुवात केली. भाऊ शेडमध्ये गेला आणि लिगाया शाळेत. "ते शेड नसतं तर मी आज इथे नसते," ती म्हणाली. तिची सेवेची मुदत सहा महिन्यांची. पण पुण्याच्या मुख्य सिस्टरांनी अट घातली होती, की पंधरा दिवसांत दहा मुलं आली तर पाळणाघर, नाहीतर तिने पुण्याला येऊन कार्यालयात काम करायचं. ती हे सांगत असताना आमची जीप उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे गोगलगाईसारखी सरकत होती. तिला त्या ट्रॉल्यांचाही आनंद झाला होता. कापलेल्या उसाचा वास अगदी घरच्यासारखा येतो म्हणे.

शेड तात्यांचं होतं. तात्या साठीतले बागायतदार, मिशीला पीळ, बोलणं रोखठोक. त्यांनी आम्हाला दारातच उभं करून विचारलं, "एक सांगा. धर्मबिर्म बदलायला न्हाय ना आलाव?"

मी भाषांतर केलं. लिगाया म्हणाली, "नाही. पोरांना आंघोळ घालायची, खाऊ घालायचं, झोपवायचं. एवढंच येतं मला."

तात्यांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग शेळ्या काडतो भाईर," ते म्हणाले आणि काढल्याही.

शेळ्या गेल्या, वास राहिला. चार दिवस आम्ही ते शेड घासलं, चुना मारला, साड्यांच्या झोळ्या बांधल्या. तात्यांच्या घरून दुपारी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि काकवी (पातळ गूळ) यायची. लिगाया आमटी आणि काकवी एकत्र कालवून खायची. तात्यांच्या मंडळींनी तोंडाला पदर लावला, पण दुसऱ्या दिवशी काकवी दुप्पट आली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही तळावर गेलो. ऊसतोड मजुरांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) ओळीने उभ्या होत्या, चुली पेटत होत्या, बैल वाढं (उसाचे हिरवे शेंडे) चघळत होते. पहिल्याच कोपीपुढे मनीषा नावाची बीडकडची तरुण बाई आठ महिन्यांच्या सार्थकला पाजत बसली होती. पोरगं होतंच तसं, गालाला हात लावावा असं. लिगायाने मला आधीच विचारून ठेवलं होतं, की आयांना काय बोलले तर बरं वाटेल? मीही शहाणी! शिकवून ठेवलं होतं. तिने सार्थकला उचललं, उंच धरलं आणि अख्ख्या तळाला ऐकू जाईल असं म्हटलं, "किती गोरं, किती गुटगुटीत बाळ! असं बाळ मी कुठे बघितलं नाही!"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मनीषाने पोर परत घेतलं आणि पदराखाली झाकलं. मला वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही झोळ्या झटकून, दूध तापवून बसलो. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी एकटीच तळावर गेले, तेव्हा एका बाईने मान वळवून सांगितलं, "सार्थकला ताप भरलाय. मनीषा त्याला घिऊन कळसला आयकडं गेली. नजर लागली म्हनत्यात त्या बाईची. मनीषा परत आल्याबिगर आमी पोरं न्हाय ठिवायचो."

चूक लिगायाची कुठे होती? वाक्य माझं होतं. आमच्या घरातही आजी बाळाचं कौतुक झालं की मिठाने दृष्ट काढायची. हे सगळं मला माहीत असून मी तिला शिकवलं काय, तर गोरं आणि गुटगुटीत! पण खरी वाईट गोष्ट त्याच्यापुढची. मी हे लिगायाला सांगितलं नाही. परदेशी नर्स, काय म्हणेल? अडाणी लोक म्हणेल. आपलीच लाज आपणच कशी उघडी करायची? मी म्हटलं, "बायका कामात आहेत, आणि सार्थकला ताप आहे. आपण कळसला जाऊन बघून येऊ." तिने लगेच औषधांची पेटी उचलली. पंधरातले आठ दिवस संपले होते.

बारामतीहून इंदापूरच्या गाडीत बसलो. कंडक्टरला सुकेळी दिली तर त्याने आम्हाला ड्रायव्हरमागची जागा दिली आणि लासुर्ण्यापर्यंत प्रत्येक गावाचं नाव ओरडून सांगितलं. उतरायच्या आधी लिगायाने अचानक विचारलं, "त्या बायका माझ्यावर रागावल्या आहेत का?" मी "छे!" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

लासुर्ण्यातून एका भाजीच्या पिकअपने आम्हाला कळसला सोडलं. तिथल्या तळावर मनीषाची आई, कौसाबाई, दुसऱ्या टोळीबरोबर राहत होती. हाडकुळी, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सार्थक तिच्या मांडीवर मलूल पडला होता. डॉक्टरचं औषध चालू होतं. लिगायाने ताप मोजला, छाती तपासली. सर्दीच होती. ती औषधाची बाटली बघून मान डोलवत होती, तेवढ्यात कौसाबाईने माझ्याकडे बोट केलं.

"तिला इचार, लेकी. नजर लावून आता काय बगायला आलीस, म्हनावं."

मी म्हटलं, "मावशी, तिला तसं काही म्हणायचं नव्हतं…"

"तुला न्हाय इचारलं. तिला इचार."

आता पळवाट नव्हती. मनीषा बघत होती, पाच-सहा बायका बघत होत्या. मी खाली मान घालून इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. नजर, ताप, रिकामं शेड, आणि सकाळपासून लपवून ठेवलेलं माझं खोटंही.

लिगायाने कपाळावर थाड्कन हात मारून घेतला.

"बुयाग!" ती ओरडली. "हे तर आमचं बुयाग! माझ्या आजीने मला झोडपलं असतं!" मग ती इतक्या भरभर बोलायला लागली की मला भाषांतर जमेना. तिच्या बेटावरही परक्याने बाळाचं कौतुक केलं की बाळ आजारी पडतं म्हणतात. म्हणून कौतुकाबरोबर 'पुएरा बुयाग' (नजर दूर जावो) म्हणायचं असतं. विसरलं, तर ज्याने कौतुक केलं त्यानेच बोट थुंकीने ओलं करून बाळाच्या पायाला लावायचं.

मी ते सांगते न सांगते तोच तिने अंगठा जिभेला लावला. लिगायाने सार्थकच्या इवल्या तळव्यावर अंगठा टेकवला आणि म्हटलं, "पुएरा बुयाग."

कौसाबाईनेही बाळावरून बोटं फिरवून "थू, थू" केलं आणि मनीषाला हाक मारली, "मीठ-मव्हऱ्या आन गं! हिला समदं म्हाईत हाय. हिच्या मुलखातबी आपल्यावानीच मानसं हायेत की!"

दृष्ट निघाली, मोहऱ्या चुलीत तडतडल्या, आणि एवढा धूर झाला की सगळ्याजणी खोकत हसत सुटल्या. लिगाया माझ्याकडे वळली. "तू मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू हसशील असं वाटलं." ती म्हणाली, "मी हसले असते. आजीची आठवण येऊन." मला रडू आलं. धुराचं निमित्त बरं होतं.

रात्री आम्ही तिथेच राहिलो. भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि बिनदाताच्या एका म्हाताऱ्याने आईची उरलेली सुकेळी संपवली. सकाळपर्यंत सार्थकचा ताप उतरला. औषधाने की मोहरीने, याची चौकशी कुणी केली नाही. मनीषा म्हणाली, "सांजच्या गाडीनं येते तुमच्यासंगं. तवर इंदापूरला जाऊन पक्षी बगून या." पेरूच्या टेम्पोत बसून आम्ही गेलो. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात रोहित पक्षी उभे होते, गुलाबी, शेकड्यांनी! एकदम उडाले तेव्हा मी किंचाळलेच. लिगायाने तोंड उघडलं, "किती सुंद…" आणि घाईघाईने जोडलं, "पुएरा बुयाग!" टेम्पोवाला आमच्याकडे बघतच राहिला.

संध्याकाळी सार्थकला मांडीवर घेऊन आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटे, फडावर (तोडणीच्या शेतात) जाण्याआधी, मनीषाने सगळ्यांदेखत त्याला झोळीत ठेवलं. त्या दिवशी चार मुलं आली, पुढच्या दिवशी सात. पंधराव्या दिवशी अकरा झाली, आणि अकरावं तर तात्यांचं नातवंड होतं! सगळ्यांच्या गालांवर काजळाची तीट होती. शेळ्यांना आता कायमचं बाहेर राहावं लागणार, असं तात्या कुरकुरले, पण झोळीला झोका देत देत.

महिना संपला. लिगाया हंगाम संपेपर्यंत थांबणार होती, मी निघाले. एसटीला अवकाश होता म्हणून मनीषा कोयता बांधावर टेकवून शेडपर्यंत आली. तिने काजळाची डबी काढली, आधी लिगायाच्या आणि मग माझ्या कानामागे बोट टेकवलं. "आता तुमी आमच्या हायसा," ती म्हणाली. "कुनाची नजर नको लागाया."

परतीच्या वाटेवर ऊस तोच होता, पण फोटो काढावासा वाटला नाही. मी विचार करत होते, की त्या दिवशी मी कुणाची लाज राखत होते? समुद्रापलीकडून आलेल्या मुलीला जी माणसं घरची वाटली, त्यांना मी, इथली असून, झाकून ठेवत होते.

घरी पोचले तेव्हा आईने दारातच मला फिरवून बघितलं. "काळवंडलीस. आणि कानामागे हे काळं काय लागलंय? थांब, पुसते."

"राहू दे आई," मी म्हटलं. "तीट आहे. ऊस तोडणाऱ्या एका बाईने लावलीय."

आईने पदराचं टोक ओलं केलं होतं. ते तिने तसंच खाली सोडलं.