शिंगाडेवालीचा घडीचा चाकू

तुमसरच्या बस स्टँडवर ती रोज दिसायची, पण नाव विचारायचं माझं राहूनच गेलं बघा. टोपल्यात तळ्यातले शिंगाडे आणि हातात बोटभर पात्याचा घडीचा चाकू. टोकदार शिंगं उडवून गर अख्खा काढावा तर तिनंच!

एकदा गावात चाकूनं मारामारी झाली आणि पोलिसांच्या झडत्या सुरू झाल्या. नवा शिपाई तिच्यापुढं थांबला.

"घडीचा चाकू बाळगणं गुन्हा आहे. दे इकडे."

सोलल्याशिवाय तिचे शिंगाडे घेणार कोण?

ती शांतपणे म्हणाली, "नऊ इंचावर पातं असन तं गुन्हा, जी. हा तं कामाचा हाय. मोजा ना!"

"कायदा कोणी शिकवला तुला?"

"तुमच्याच मोठ्या साहेबानं. मांगं दिवसभर ठाण्यात बसवलं, तवा सांगतलं."

शिपाई तरी ऐकेना. तिनं चाकू त्याच्या हाती दिला. "ठेवा मंग. पन टोपलंभर शिंगाडे तुमीच सोला."

त्यानं खरंच एक सोलायला घेतला आणि शिंग अंगठ्यात घुसलं. सगळे हसले, ती नाही हसली. चाकू काढून घेऊन तिनं एक शिंगाडा सोलला, त्याच्या तळहातावर ठेवला.

"पातं मोजा भाऊ, पन हातबी पाहात जा."

मी पाहिले तिचे हात. शिंगाड्याच्या सालींनी पार काळे पडले होते.