पाडव्याला घरी आलेलं कुत्रं

कुत्रं कसं पाळावं हे मला कोणी शिकवू नये, असं मी त्या पाडव्यापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. शाळेत पस्तीस वर्षं पोरं वळणावर आणली, तिथे एका कुत्र्याचं काय! अंगात मस्ती होती, दुसरं काय.

यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पांढरकवड्याकडचं आमचं शेत मक्त्यानं दिलं. पाडव्याला सालगड्याचं साल संपतं, तसं आमच्या गड्याचंही संपलं. बारा वर्षं तो आमच्याकडे होता. नवा मक्तेदार स्वतःचा माणूस आणणार होता आणि हा एका जिनिंगवर कामाला लागणार होता. राहिलं शेतावरचं कुत्रं. काळं, एक कान फाटलेलं, नाव नसलेलं. ‘यू यू’ केलं की यायचं. जिनिंगवर दिवसभर कापसाचे ट्रक, तिथे ते चाकाखाली आलं असतं. मीच म्हटलं, आणा आमच्याकडे, लोहारा गावातल्या आमच्या घराला चांगलं अंगण आहे.

पाडव्याच्या संध्याकाळी गडी त्याला मालाच्या ऑटोतून घेऊन आला. मी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं, की नव्या घरी आणलेल्या कुत्र्याजवळ जुन्या माणसाचा कपडा ठेवावा, ओळखीच्या वासानं त्याचा जीव रमतो. मी म्हटलं, “दादा, तुमचा दुपट्टा ठेवून जा.” त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, ओसरीच्या कोपऱ्यात टाकला, कुत्र्याच्या पाठीवर थाप मारली आणि बस गाठायला निघून गेला. मागे वळूनही पाहिलं नाही. कुत्रं दुपट्ट्याला चिकटून बसलं. मी यांना म्हटलं, बघा, कसं रमलं.

सकाळी दूधपोळीचं भांडं जसंच्या तसं होतं. भांडं आणि पाण्याची बादली दोन्ही कडुनिंबाखाली, सावलीत. ओसरीपासून दहा पावलं. कुत्रं त्या बादलीकडे बघायचं, जीभ बाहेर काढून धापा टाकायचं, पण उठायचं नाही. उन्हानं फरशी तापली होती. मी ‘यू यू’ केलं, पोळीचा तुकडा नाचवला, शेवटी रागावलेसुद्धा. मला स्वस्थ बसवेना. आतबाहेर, आतबाहेर माझ्याच दहा फेऱ्या झाल्या.

“तू कायले येवढी फिरून राह्यली? भूक लागली का खाईन तो,” हे म्हणाले. मग स्वतःच काठी टेकत उठले आणि दुपट्टा मळलाय, झटकून देतो म्हणून वाकले. कुत्र्यानं मनगट धरलं. दात लागला, रक्त आलं. यांना रिक्षात घालून सुया टोचायला नेलं. तोवर गल्लीभर झालं होतं.

समोरचे गृहस्थ फाटकाबाहेरूनच म्हणाले, “बाई, तुमचं कुत्रं पिसायलं हाये. पानी पेत नाही, मालकाले चावलं. अजून काय पाह्यजे?”

गुरांचा डॉक्टर आला. जवळ जायला तोही धजेना. लांबूनच बघून म्हणाला, आत्ता सांगता येत नाही, कोणी जवळ जाऊ नका, दहा दिवस नजर ठेवा. पाणी पितो का विचारलं. मी नाही म्हटलं. तसा तो आणखी दोन पावलं मागे सरकला.

दहा दिवस! गल्लीत पोरंबाळं खेळतात. मी भ्याले, हे सरळच सांगते. कुत्री धरून नेणाऱ्या गाडीला फोन मीच केला. उद्या सकाळी येतो म्हणाले. नेल्यावर काय करतात, हे मी विचारलं नाही.

मग वाटलं, गड्याला निदान कळवावं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. “मी येतो. तोवर त्याले कोनाले हात लावू देऊ नका,” एवढंच बोलला.

सकाळी कोणतंही वाहन वाजलं की मी फाटकाशी. आधी कोण येतं याचा धसका होता. आधी गडी आला, पहिल्या बसनं. फाटकातून आत पाऊल टाकलं, कोपरा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. “अरे बापा! बाई, मीच तर त्याले बसवून गेलतो!”

तो सरळ गेला, वाकला, दुपट्टा उचलून झटकला आणि खांद्यावर टाकला. कुत्रं उठलं. मागचे पाय लटपटत होते. ते बादलीशी गेलं आणि प्यायला लागलं. थांबलं, श्वास घेतला, पुन्हा प्यायलं.

“येचनीच्या दिवसात मी हा दुपट्टा कापसाच्या गंजीवर टाकून जेवाले जात होतो. मी येऊन उचलेपर्यंत हा जाग्यावरचा हालत नाही, कोनाले हात लावू देत नाही,” तो म्हणाला. मग कुत्र्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवत राहिला. “माह्यं साल सरलं, ते मले समजलं. त्याले कोनं सांगावं?”

मी ते पाहिलं होतं हो. दर वर्षी पाहिलं होतं. आंब्याखाली डबा उघडून आम्ही जेवायचो आणि पलीकडे ते गंजीपाशी उन्हात बसलेलं असायचं. आपलं कुत्रं किती इमानी, म्हणून मी चारचौघांत मिरवलंही होतं. त्याला तेव्हा तहान लागत असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

गाडीवाल्यांना मी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. गडी चहा पिऊन दुपट्टा घेऊन गेला. त्यानंतर मी ओसरीवर चिंधीसुद्धा ठेवली नाही. पण महिनाभरानं कुत्र्यानंच दोरीवरचा माझा नॅपकिन ओढला, कोपऱ्यात नेला आणि त्याच्याजवळ बसून माझ्याकडे पाहू लागलं. चार घास आणि सावली त्याला पुरत नव्हती. त्याला काम हवं होतं, आणि काम संपलं म्हणून सांगणारं कोणीतरी.

तेव्हापासून रोज संध्याकाळी भाजीला निघताना मी तो नॅपकिन ओसरीवर टाकते. भाजीवालीपाशी माझ्यापुढे दोन बायका जरी असल्या तरी जीव खालीवर होतो. त्या हसतात, “घरी कोन वाट पाहून राह्यलं येवढं?” कधीकधी रांग हलतच नाही. तेव्हा मी रिकामी पिशवी घेऊन परत येते आणि आधी नॅपकिन उचलते.