बाईंचा डूख

आमच्या बाई डूख धरायच्या. असातसा नाही. वडखळच्या एका एजंटानं एकदा रक्तगट तपासायचं, मुदतीची तारीख खरवडलेलं सीरम त्यांच्या गळ्यात मारलं होतं. पुढं तो दर दिवाळीला मिठाई घेऊन यायचा, आणि बाई त्या बॉक्सवरची तारीख त्याच्यासमोर, बाकावरच्या पेशंटांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचायच्या. मिठाई आम्हाला वाटून टाकायच्या, स्वतः एक तुकडा तोंडात घालायच्या नाहीत. "त्याला वाटतं मी विसरले. नाय विसरले," एवढंच म्हणायच्या.

रोह्याला माझ्या सख्ख्या काकांची लॅब, मागच्या खोलीत रक्ताच्या पिशव्यांचा फ्रिज. बाई तिथल्या मुख्य टेक्निशियन. माहेर-सासर दोन्ही खाडीकडचं, मिठागरातलं. कासूहून रोज गाडीनं यायच्या. मी कोर्स करून काकांकडे लागले तेव्हा मालकाची पुतणी म्हणून सगळे मला ताई म्हणत. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझं नाव काय गो? ताई हे काय नाव नाय."

रक्तगट त्यांनी मला शिकवला तो असा. "लाल पेशीच्या अंगावर साखर असते. चहातली नाय, पण साखरच. ए गटाची एक, बी गटाची दुसरी, ओवाल्यांकडं नुसती खालची बैठक. रक्तातले पहारेकरी तीच चाचपतात. ओळखीची असली तर जाऊ देतात, नसली तर तुटून पडतात. तान्हेपणी पोटातल्या जंतूंच्या अंगावर तसलीच साखर बघून ठेवलेली असते त्यांनी. तेव्हापासूनचा राग हाय तो." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू ते पहारेकरी त्यांच्याच भावकीतले.

म्हणून प्रत्येक रक्त दोनदा तपासायचं. आधी पेशी, मग उलटीकडून, म्हणजे नळीतलं वरचं पिवळं पाणी ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशींवर टाकून. "पेशी गप्प बसल्या तर पाण्याला विचार," असं त्या म्हणत. कधी आळस केला आणि मी सॉरी म्हटलं की कडाडायच्या, "माझी माफी कशाला मागतेस? ज्याची नळी हाय त्याची माग."

एका शनिवारी गर्दी होती आणि मी पाण्याला विचारलं नाही. निडीची एक पहिलटकरीण होती, दिवस भरत आलेले, अंगात रक्त कमी. तिच्या पेशी ए-च्या सीरमला गप्प, बी-च्याही गप्प, कुठंच गुठळी नाही. मी 'ओ' लिहिलं, शिक्का मारला आणि रिपोर्ट पाठवून दिला.

सोमवारी तिचा नवरा रक्ताची पिशवी न्यायला आला. बाईंनी पिशवीतलं रक्त तिच्या पाण्याशी जुळवून बघितलं आणि नळी उजेडात धरली. ओ-ची पिशवी, ओ-चा पेशंट, आणि तळाशी घट्ट गुठळी. दुसऱ्या पिशवीला तेच, तिसरीलाही तेच. "हिच्याकडं बैठकसुद्धा नाय गो," बाई हळूच म्हणाल्या. "बॉम्बे ग्रुप हाय हा. ही पिशवी चढली असती तर टेबलावरच गेली असती बिचारी." बाईंनी मुंबईपर्यंत फोन लावले, तसल्याच रक्ताचा माणूस शोधून काढला. पिशवी वेळेत आली, मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आठवड्यानं नवरा जाब विचारायला आला. ओ कोणी लिहिलं? काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाईंनी. वय झालंय आता त्यांचं, नजर गेली." बाई समोरच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी तोंड उघडायची वाट बघितली. मी फरशीकडे बघत राहिले.

त्याच संध्याकाळी काकांनी त्यांना काढलं, वर पेणपर्यंतच्या लॅबना फोन करून बदनामी केली. निघताना बाई मला म्हणाल्या, "तुला माफ नाय करायची मी." आणि केलंही नाही. नंतर मी दोनदा कासूला गेले. दोन्ही वेळा चहा मिळाला, शब्द मिळाला नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. टेक्निशियन मंडळींनी पेणला एका शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. काका हार घेऊन हजर! वर बोलायला उभे राहिले. "शेवटी शेवटी बाईंच्या हातून एक चूक झाली, पण आपण मोठ्या मनानं..."

माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि त्यांच्या हातातला माईक ओढून घेतला. "खाली बस, घरातली आहेस तू," काका दातओठ खात पुटपुटले. मी म्हटलं, "ओ मी लिहिलं होतं. बाईंनी ती चूक पकडली, म्हणून ती बाळंतीण जगली. आणि ह्यांना हे त्या दिवशीच ठाऊक होतं."

निडीचे ते दोघे मागच्या रांगेत मुलीला घेऊन बसले होते. नवरा उठून आला आणि काकांसमोर नुसता उभा राहिला. काका त्याला वळसा घालून चप्पल न घालताच बाहेर पडले.

आता घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. रोह्यातले डॉक्टर काकांकडे पेशंट पाठवत नाहीत, लॅबचं अर्धं शटर खालीच असतं. ऐकून बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटतं. पण नवरा जाब विचारायला आला त्या दिवशी एवढंच बोलले असते, तर ऐकायला बाई होत्या.